‘दहा हजार भर आणि मोकळा हो’ : तारखेला जाण्याआधी

प्रश्न : मी मूळचा तासगावचा, वय २७, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मागच्या शनिवारी आम्ही चौघे महाबळेश्वरला गेलो होतो. मित्राची गाडी परतताना मी चालवत होतो. रात्री साडेअकराला पसरणी घाट उतरल्यावर नाकाबंदीत फुंकायला लावलं, मशीनवर ६४ आलं. दवाखान्यात नेऊन रक्त घेतलं, लायसन्स ठेवून घेतलं, जामिनावर सोडलं आणि कोर्टाची तारीख दिली. अपघात वगैरे काही नाही. मी क्वार्टरसुद्धा संपवली नव्हती आणि आठलाच थांबलो होतो. मित्र म्हणतात, गुन्हा कबूल कर, दहा हजार भर, विषय संपला. नाहीतर लोकअदालतीत मिटव. पुढच्या वर्षी पासपोर्टची मुदत संपतेय आणि कॅनडाच्या पीआरची, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याची, फाईल तयार करतोय. कंपनीला कळेल का? गाडीमालक मित्राला त्रास होईल का? घरी अजून सांगितलेलं नाही.

उत्तर : मी साताऱ्यात २६ वर्षं फौजदारी आणि मोटार अपघाताची कामं करतो. तुमच्यासारखी मुलं मला दोनदा भेटतात. पहिल्यांदा गटारी किंवा ३१ डिसेंबरनंतर, कोर्टाच्या व्हरांड्यात. तेव्हा त्यांना फक्त एकच गोष्ट हवी असते, दुपारपर्यंत पुण्याला परत जायला मिळावं. पुकारा होतो, मॅजिस्ट्रेट विचारतात गुन्हा कबूल आहे का, पोरगं म्हणतं आहे साहेब, पावती घडी करून खिशात जाते. दोन मिनिटांचं काम. त्यातलीच काही मुलं तीन-चार वर्षांनी पुन्हा येतात, या वेळी माझ्या ऑफिसात, हातात एखादा फॉर्म घेऊन. त्यातल्या एका रकान्यावर बोट ठेवून विचारतात, इथे काय लिहू? तुम्ही त्या दोन मिनिटांच्या आधी विचारताय, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्यावरचं कलम आहे मोटार वाहन कायद्याचं १८५. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं, हा गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुढच्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. मित्रांना यातला फक्त दहा हजाराचा आकडा ठाऊक आहे, कारण पेपरात तोच येतो.

त्यांना ठाऊक नसलेलं कलम आहे २०, पोटकलम २. कलम १८५ खाली दोषी ठरलेल्या माणसाला गाडी चालवण्यास अपात्र ठरवण्याचा आदेश कोर्टाने द्यायचाच असतो, आणि तो किमान सहा महिन्यांचा. तुम्ही स्वतः कबुली दिलीत तरी कायद्याच्या भाषेत ते दोषी ठरणंच. त्या काळात गाडी चालवताना सापडलात तर कलम १८२ चा वेगळा गुन्हा, त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद. तुमचं लायसन्स पोलिसांनी ठेवून घेतलं ते २०६ खाली. ते आरटीओकडे जातं आणि तिथे निलंबनाची वेगळी कारवाई चालते. म्हणजे कोर्टात दंड भरला की त्याच टेबलावर लायसन्स परत मिळतं, ही समजूत सोडून द्या. परदेशात गाडी चालवायला लागणारा आंतरराष्ट्रीय परवानाही याच लायसन्सच्या आधारावर निघतो.

दुसरी एक गोष्ट मुलांच्या लक्षातच येत नाही. कबुलीनंतर काही वेळा दंडाबरोबर ‘कोर्ट उठेपर्यंत कैद’ अशी शिक्षा होते. मुलगा संध्याकाळपर्यंत कोर्टात बाकावर बसतो, मोबाइल बघतो आणि घरी जातो. त्याच्या हिशेबी कंटाळवाणा दिवस गेला. निकालपत्रात मात्र कैदेची शिक्षा लिहिलेली असते. पुढे कुठल्याही फॉर्मवर ‘आपल्याला कधी कारावासाची शिक्षा झाली आहे काय’ असा प्रश्न आला की खरं उत्तर ‘होय’ एवढंच उरतं.

लोकअदालतीचं म्हणाल तर तो रस्ता इथे नाही. सिग्नल तोडला, हेल्मेट नव्हतं, असली चलनं तडजोडीने मिटतात. कलम २०० मध्ये तडजोडीने मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांची यादी दिलेली आहे, त्यात १८५ नाही. जो कोणी ‘मी मिटवून देतो’ म्हणेल त्याला एक रुपयाही देऊ नका.

आता तुमच्या ६४ च्या आकड्याबद्दल. तुमचा सूर असा दिसतो की क्वार्टरही संपली नव्हती, आठलाच थांबलो होतो, मग एवढं कसं आलं, मशीनच बिघडलं असणार. मशीन बिघडू शकतं, ते तपासायचंच. पण आधी हिशेब करून बघा. क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. त्यात शुद्ध अल्कोहोल साधारण ६० ग्रॅम भरतं. ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात ते ढोबळमानाने १२५ मिलिग्रॅमपर्यंत जातं, आणि शरीर तासाला १५ च्या आसपास कमी करतं. आठपासून साडेअकरा, साडेतीन तास, म्हणजे ५० गेले, ७५ उरले. क्वार्टर संपवली नव्हती म्हणता, तर ६४ अगदी जुळतं.

हाच हिशेब महाबळेश्वर, कास, ठोसेघरला मुक्कामी जाणाऱ्या प्रत्येकाने घातला पाहिजे. रात्री बारापर्यंत बसलात आणि क्वार्टर संपवलीत, तर सकाळी साडेसहापर्यंत ३० च्या वरच असता. आंघोळ, चहा, पोहे, लिंबूपाणी यांनी डोकं हलकं वाटतं, रक्तातला आकडा त्याने हलत नाही. सकाळी आठला खंबाटकी ओलांडताना ‘रात्रीचं कधीच उतरलं’ म्हणणाऱ्यांचे कागद मी पाहिले आहेत. साठचा एकच पेगसुद्धा बहुतेकांना ३० च्या पलीकडे नेतो, आणि स्ट्राँग बिअरच्या मोठ्या बाटलीत दोन पेगांएवढं अल्कोहोल असतं.

आता कागद. तारखेआधी वकिलामार्फत दोषारोपपत्राची नक्कल घ्या आणि पुढच्या गोष्टी नीट वाचा. मशीनची छापील पट्टी जोडली आहे का, तिच्यावर वेळ काय आहे, मशीन तपासल्याचा दाखला आहे का. अटकेची वेळ आणि डॉक्टरांनी तपासल्याची वेळ यांत किती अंतर आहे. कलम २०२ प्रमाणे १८५ मध्ये अटक केलेल्या माणसाची दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, नाहीतर त्याला सोडावं लागतं. (एवढ्यावर खटला संपत नाही, पण मुद्दा नोंदवण्यासारखा असतो.) रक्ताच्या नमुन्यावर सील, सही, वेळ आहे का आणि रासायनिक तपासणीचा, म्हणजे सीए रिपोर्ट काय म्हणतो. डॉक्टरांच्या फॉर्मवर चाल, बोलणं, बुबुळं, वास असे रकाने असतात. तिथे तुमच्याबद्दल काय लिहिलंय ते शब्दशः उतरवून घ्या. ते का, हे कॅनडाच्या मुद्द्यात सांगतो. शिवाय १८५ बरोबर महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचं कलम लावलंय का तेही बघा. आपल्या राज्यात दारू पिण्याचा परवाना लागतो हे बारमध्ये बसणाऱ्या बहुतेकांच्या गावीही नसतं. आणि गोव्याहून डिकीत बाटल्या आणणाऱ्यांनी तर ऐकूनच ठेवा, त्यात गाडीच जप्त होते.

फुंकायला नकार दिला असता तर सुटलो असतो, असं कोणी सांगत असेल तर तेही खोटं. नकार दिला तरी २०३ खाली अटक होते, रक्त घेतलं जातं, आणि कलम २०५ प्रमाणे विनाकारण दिलेला नकार तुमच्याच विरुद्धचा पुरावा म्हणून धरता येतो.

कागद बघून मग ठरवायचं. मी तुम्हाला ‘कबुली देऊ नका’ म्हणत नाही. तुम्ही प्यायला होतात, गाडी चालवलीत, आकडा हिशेबाशी जुळतो. हे कबूल करण्यात माझ्या मते कमीपणा नाही. फक्त कबुली देताना कोर्टासमोर काय मागायचं हे ठरवून जा. परिवीक्षा अधिनियम, १९५८ चं कलम ३ आणि ४ आहे. पहिलाच गुन्हा, वय, अपघात नाही, पूर्वीचं काही नाही, हे दाखवून समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडावं असा अर्ज करता येतो. तो मंजूर झाला तर कलम १२ प्रमाणे दोषसिद्धीला चिकटून येणारी अपात्रता लागू होत नाही. घडलेली गोष्ट पुसली जात नाही आणि कोणी विचारलं तर सांगावीच लागते, पण निकालपत्रातला मजकूर वेगळा असतो आणि पुढे त्या मजकुराला किंमत असते. मंजूर होईलच असं कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण व्हरांड्यातल्या रांगेत उभं राहून दोन मिनिटांत कबुली देणाऱ्याने तो अर्ज केलेलाच नसतो.

पासपोर्टचं गणित याच्या उलटं आहे, आणि इथेच ‘तारखा घेत राहू’ म्हणणारे फसतात. पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम ६(२)(फ) प्रमाणे भारतातल्या फौजदारी कोर्टात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. झालेली शिक्षा आडवी येते ती नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात गेल्या पाच वर्षांत दोन वर्षं किंवा जास्त कैद झाली असेल तर. तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही. म्हणजे पासपोर्टपुरता संपलेला खटला बरा, लोंबकळणारा वाईट. खटला सुरू असतानाच नूतनीकरणाची वेळ आली तर त्याच कोर्टाकडून परवानगीचा आदेश घ्यावा लागतो, तशी सोय १९९३ च्या केंद्राच्या अधिसूचनेत आहे. आदेशात मुदत स्पष्ट मागून घ्या, नाहीतर एक वर्षाचाच पासपोर्ट हातात पडतो.

कंपनीला कळेल का? आज कोणी कळवणार नाही. पण ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने कोणीही खटला शोधू शकतो, आणि नोकरी बदलताना पार्श्वभूमी तपासणाऱ्या एजन्सी नेमकं तेच करतात. तुमचं नेमणूकपत्र काढा आणि फौजदारी प्रकरण कळवण्याची अट आहे का ते वाचा. असेल तर लेखी कळवा, चार ओळींत, सबबी न सांगता.

सरकारी नोकरीचा प्रश्न तुमचा नाही, पण हे वाचणाऱ्यांत भरतीची तयारी करणारी मुलं असणार, म्हणून सांगतो. आमचा जिल्हा सैन्यात माणसं पाठवणारा. अपशिंगेचं नावच अपशिंगे मिलिटरी. कोरेगाव तालुक्यातला एक मुलगा माझ्याकडे आला होता. गावच्या यात्रेत मोटारसायकलवर सापडला, दंड भरला, विसरला. पुढे निवड झाली, साक्षांकन नमुन्यात, म्हणजे पडताळणीसाठी स्वतःची माहिती भरून द्यायच्या फॉर्मात, ‘गुन्हा दाखल आहे का’ पुढे ‘नाही’ लिहिलं. पडताळणीत निघालंच. अधिकाऱ्यांचा आक्षेप दारूवर नव्हता, त्या ‘नाही’ वर होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात याची चौकट घालून दिली आहे. किरकोळ प्रकरण खरं सांगितलं असेल तर नोकरी देणारा ते पोटात घालू शकतो. लपवलं असेल तर तेच काढून टाकायला पुरेसं कारण होऊ शकतं. त्या मुलाचं वय निघून गेलं. त्याचे वडील माझ्यासमोर बसून सारखं एकच म्हणत होते, वकीलसाहेब, खरं लिहिलं असतं तर? त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आधीच सेवेत असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. राज्य शासनाचा कर्मचारी ४८ तासांपेक्षा जास्त काळ कोठडीत राहिला तर तो निलंबित झाला असं नियमानेच मानलं जातं.

कॅनडा. तुमच्या पत्रातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे आणि मित्रांपैकी कोणालाच त्याची कल्पना नाही. १८ डिसेंबर २०१८ पासून कॅनडाने दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षं केली. त्यामुळे तिथल्या इमिग्रेशन कायद्यात तो ‘गंभीर गुन्हेगारी’ या वर्गात गेला. बाहेरच्या देशात दोषी ठरलेल्या माणसाच्या बाबतीत तिथला अधिकारी बघतो की हेच कृत्य कॅनडात केलं असतं तर कुठला गुन्हा झाला असता. इथे तुमचा आकडा कामाला येतो. आपली मर्यादा ३०, त्यांची ८०. तुमचे ६४ त्यांच्या आकड्याखाली आहेत. पण त्यांच्याकडे दुसराही भाग आहे, आकडा काहीही असो, दारूमुळे गाडी चालवण्याची क्षमता उणावली होती का. म्हणून डॉक्टरांच्या फॉर्मवर ‘चाल स्थिर, बोलणं स्पष्ट’ आहे की ‘झोकांड्या’ आहे, यावर पुढचं बरंच काही अवलंबून. पट्टी, वैद्यकीय फॉर्म, सीए रिपोर्ट, निकालपत्र या सगळ्यांच्या प्रमाणित नकला काढा, इंग्रजी भाषांतर करून घ्या आणि फाईल पाठवण्याआधी तिथल्या परवानाधारक इमिग्रेशन वकिलाचं मत घ्या. माझा अधिकार इथवरच. पीआरसाठी पोलीस क्लिअरन्स लागतोच. फॉर्मवर लपवलंत आणि ती चुकीची माहिती ठरली तर पाच वर्षांची बंदी आहे, ती तुमच्या ६४ पेक्षा कितीतरी जड.

कंपनी अमेरिकेला पाठवणार असेल तर तिथलंही ऐका. गेल्या पाच वर्षांत दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल एकदा जरी अटक झाली असेल तर वकिलात वैद्यकीय तपासणीला पाठवते. शिक्षा झालेली असण्याची गरज नसते, अटक पुरते. आणि व्हिसा घेतल्यानंतर असं घडलं तर दिलेला व्हिसाही रद्द होऊ शकतो.

गाडीमालक मित्राबद्दल. कलम १८८ प्रमाणे १८५ च्या गुन्ह्याला चिथावणी किंवा मदत करणाऱ्यालाही तीच शिक्षा. चालवणारा प्यायलाय हे दिसत असताना ‘चालव रे, तूच शुद्धीत आहेस’ म्हणून किल्ली देणारा त्यात येऊ शकतो. तुमच्या कागदांत त्याचं नाव आरोपी म्हणून दिसत नसेल तर आज त्याला काळजी नाही. पण त्या रात्री घाटाखाली नाकाबंदी नसती आणि पुढे काही घडलं असतं, तर काय झालं असतं ते त्याला वाचायला द्या.

ऊस हंगामात कराड-तासगाव रस्त्यावर रात्री बैलगाड्या चालतात, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर असला. अशाच एका गाडीला मागून मोटार धडकली. गाडीवानाची बायको गेली, एक बैल गेला. मोटार चालवणारा प्यायलेला होता, मोटार त्याच्या वडिलांच्या नावावर. मी गाडीवानाकडून दाव्यात होतो. विमा कंपनीने आधी पैसे भरले आणि मग ती रक्कम मालकाकडून वसूल करायला निघाली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, ‘चालक दारू प्यायलेला होता’ असा बचाव घेण्याची कंपनीची वाट कायद्यातच लिहिली आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा तर असतोच फेटाळलेला. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलंय की फुंकणीचा आकडा नसला तरी इतर पुराव्यावरून चालक प्यायलेला होता हे कंपनी सिद्ध करू शकते. त्या मुलाच्या वडिलांनी द्राक्षबाग विकली. ज्याची बायको गेली तो गाडीवान पुढच्या हंगामात पुन्हा त्याच रस्त्यावर होता, लहान मुलीला शेजारी बसवून. त्या मुलीला थंडी वाजू नये म्हणून त्याने पोत्याची खोळ केली होती. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, आणि तुमच्या पत्रातलं ‘अपघात वगैरे काही नाही’ हे वाक्य मी म्हणूनच दोनदा वाचलं.

जीव गेला की कलमं बदलतात. निष्काळजीपणाने मृत्यू, भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१), पाच वर्षांपर्यंत कैद. आणि प्यायलोय, यात माणूस मरू शकतो याची जाणीव असूनही चालवली असं कोर्टाला वाटलं तर कलम १०५, सदोष मनुष्यवध, दहा वर्षांपर्यंत. वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेले सात मजूर मेले, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधच धरला.

तारखेच्या दिवशी अकराच्या आधी या. आधार, लायसन्स ठेवून घेतल्याची पावती, जामिनाचे कागद, नेमणूकपत्राची प्रत आणि पासपोर्टची झेरॉक्स बरोबर ठेवा. एकाच तारखेत काम संपेल असं धरू नका, सुट्टी दोन दिवसांची काढा. गाडी चालवत येऊ नका, स्वारगेटवरून एसटी आहे.

घरी सांगितलं नाही म्हणता. पासपोर्टवर तासगावचा पत्ता असेल तर पडताळणीला पोलीस त्या घरी जातील, आणि दार बहुतेक आई उघडेल. या शनिवारी घरी जा आणि तुम्ही स्वतः सांगा.